अंडपेशीला थोपवून धरणारा निरोप

वर्तमानपत्रात ‘टेस्ट ट्यूब वासरू’ असा मथळा आला की आपल्या डोळ्यांपुढे काचेची नळी उभी राहते. परळच्या केईएम रुग्णालयात १९८६ मध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बाळ जन्मले, तेव्हापासून मुंबईकरांच्या मनात ही नळी पक्की बसली आहे. प्रत्यक्षात फलन पसरट बशीत होते. शिवाय गाईच्या बाबतीत फलनाआधीचा एक टप्पा बातमीत हमखास गळतो. स्त्रीला सहसा इंजेक्शने देऊन अंडपेशी शरीरातच पिकू देतात. गाईच्या अंडाशयातून सुईने ओढून घेतलेली अंडपेशी मात्र बहुधा कच्ची असते आणि ती प्रयोगशाळेत ३८.५ अंश सेल्सिअसला सुमारे २४ तास पिकवावी लागते.

कच्ची म्हणजे काय? कालवड आईच्या पोटात असतानाच तिच्या अंडपेशींचे अर्धसूत्री विभाजन, म्हणजे गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारे विभाजन, सुरू होते आणि पहिल्याच पायरीवर थबकते. ते पुन्हा सुरू होण्यासाठी संप्रेरकाचा आदेश लागतो, असे कोणालाही वाटेल. परंतु पिंकस आणि एन्झमन या संशोधकांनी १९३५ मध्ये सशाच्या अंडपेशी पुटकातून, म्हणजे अंडाशयातील त्यांना वेढणाऱ्या द्रवाच्या पिशवीतून, बाहेर काढल्या, तेव्हा त्या कोणत्याही आदेशाविना आपोआप पुढे सरकल्या. म्हणजे पुटक अंडपेशीला थोपवून धरत होते.

हे थोपवणे कसे चालते, ते पाहण्यासारखे आहे. अंडपेशीभोवती क्युम्युलस पेशींचा गराडा असतो. या पेशी अंडपेशीच्या जाड कवचातून बारीक तंतू आत सारतात आणि तंतूच्या टोकाशी दोन्ही पेशींना जोडणारी सूक्ष्म छिद्रे असतात. पुटकाच्या भिंतीतील पेशी सीएनपी नावाचे छोटे प्रथिन सोडतात. त्याच्या प्रभावाने क्युम्युलस पेशी सायक्लिक जीएमपी हा निरोप्या रेणू तयार करतात. ते छिद्रांतून अंडपेशीत उतरते आणि तेथील पीडीई३ए या विकराला (एन्झाइमला) रोखते. या विकराचे काम सायक्लिक एएमपी हा दुसरा निरोप्या रेणू तोडण्याचे. तोच अडला की सायक्लिक एएमपीची पातळी चढी राहते आणि विभाजनाचे यंत्र बंद राहते. गाय माजावर आली की अंडपेशी बाहेर पडण्यास चालना देणाऱ्या एलएच संप्रेरकाची लाट येते, जीएमपी ओसरते, विकर मोकळा होतो आणि अंडपेशी जागी होते. हा तपशील मुख्यतः उंदरांत उलगडला असला, तरी गाईतील चौकट साधारण तीच आहे.

सुईने ओढताना क्युम्युलस पेशी अंडपेशीसोबत येतात, पण सीएनपी पाठवणारी भिंत मागेच राहते. रोखणारा निरोप तुटतो आणि अंडपेशी वेळेआधीच धावू लागते. कोवळी कैरी अढीत घातली तर रंग धरते, गोडी धरत नाही. येथेही तसेच घडते. गुणसूत्रांचे विभाजन बहुतेक अंडपेशी पूर्ण करतात, पण पेशीद्रवाची तयारी अपुरी राहते आणि फलनानंतर सातव्या-आठव्या दिवशीच्या गर्भाच्या टप्प्यापर्यंत साधारण तिसरा हिस्साच पोहोचतो.

पेशीद्रवाची ही शिदोरी काही अंशी त्याच तंतूंतून येते. कॅनडातील लावाल विद्यापीठाच्या क्लोद रॉबेर यांच्या गटाने २०१४ मध्ये गाईच्या क्युम्युलस पेशींतून आरएनएचे, म्हणजे प्रथिने बनवण्याच्या सूचना वाहणारे, मोठे रेणूदेखील अंडपेशीत जातात, असे दाखवले. संवाद एकतर्फीही नाही: अंडपेशी जीडीएफ९ आणि बीएमपी१५ ही प्रथिने सोडून भोवतालच्या पेशींचे वर्तन घडवत असते.

अमावास्या-पौर्णिमा पाहून गाय भरवणारे अजूनही भेटतात आणि दुसऱ्या टोकाला ‘शंभर टक्के गर्भधारणा’ असे छापणारे जाहिरातदारही.  प्रयोगशाळांनी धरलेली वाट अधिक शहाणी आहे: सुई बाहेर येताच द्रावात सायक्लिक एएमपी टिकवून धरणारी औषधे घालायची, अंडपेशीला काही तास थोपवायचे, तंतूंची देवाणघेवाण चालू राहू द्यायची आणि मगच पिकवणाऱ्या द्रावात हलवायचे. मात्र थांबवायचे किती तास, याचे उत्तर पुटकाच्या आकारानुसारही बदलते, कारण दोन मिलिमीटरच्या पुटकातील अंडपेशी आणि आठ मिलिमीटरच्या पुटकातील अंडपेशी सारख्या तयारीच्या नसतात.