वईचं वय

इंग्लंडच्या मध्यभागात, नॉर्थॅम्प्टनशायर-लेस्टरशायरकडच्या चिकणमातीच्या शेतांतून पायवाटेने चालताना जमिनीचं वय नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतं. सोबत ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा-संस्थेचा १:२५,००० प्रमाणाचा नकाशा घ्यावा. १:५०,००० चा उपयोगाचा नाही. त्यात शेतांच्या हद्दी दाखवलेल्या नसतात, आणि इथे सगळी गंमत हद्दींतच आहे.

सुरुवात कुरणापासून. उन्हं कलली, किंवा बर्फाचा पातळ थर पडला, की गवताखाली लाटा दिसू लागतात. हा आपल्या ओळखीचा सरी-वरंबाच, पण आडमाप: दोन वरंब्यांत साधारण पाच ते दहा मीटरचं अंतर. मध्ययुगात बैलांच्या नांगराने दरवेळी माती पट्टीच्या मधल्या अंगाला पलटली जाई. तीच पट्टी शेकडो वर्षं तशीच नांगरत गेल्याने मध्ये वरंबा चढला. वरंबे सरळ नसून उलट्या ‘एस’सारखे वळलेले असतील तर ते जुने. अनेक जोड्यांची लांबलचक बैलरांग बांधाशी एकदम वळत नसे, म्हणून नांगऱ्या शेवट यायच्या आधीच तिला डावीकडे कलती करी. सरळसोट, अरुंद वरंबे बहुधा अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले, घोड्यांच्या किंवा वाफेच्या नांगराचे.

पट्टीची आदर्श लांबी २२० यार्ड. त्याला २२ यार्ड रुंदी दिली की झाला एकर. आपला ३३ फूट बाय ३३ फुटांचा गुंठा याच मापाचा धागा आहे: २२ यार्ड म्हणजे ६६ फूट, त्याच्या निम्मे ३३.

मे महिन्यात वरंबे ओळखायला कलतं ऊनही लागत नाही, पिवळी बटरकप फुलं पुरतात. कोरड्या वरंब्यावर गड्डेवाली जात, उतारावर उंच कुरणी जात आणि ओलसर सरीत धावते फुटवे सोडणारी जात. पाणी किती वेळ मुरून राहतं, यावर तिघींची वाटणी झालेली असते.

आता वई, म्हणजे शेताच्या हद्दीवरचं झाडाझुडपांचं जिवंत कुंपण. वरंब्यांना आडवी छेदून जाणारी वई त्या वरंब्यांहून तरुण, हे उघड आहे. अशा सरळ रेषेतल्या वया मुख्यतः १७५० ते १८५० या काळातल्या. पार्लमेंटच्या कायद्यांनी सामाईक शेतं वाटली गेली आणि वाट्यांभोवती हॉथॉर्नची काटेरी रोपं लावली गेली. पुष्कळ ठिकाणी नांगर थांबून जनावरं चरू लागली, म्हणून तर खालचे वरंबे टिकले.

पण वाकडीतिकडी वई किती जुनी? वनस्पतिशास्त्रज्ञ मॅक्स हूपर यांनी वय माहीत असलेल्या कुंपणांशी ताडून एक नियम सुचवला: ३० यार्डांत, म्हणजे सुमारे २७ मीटरमध्ये, झाडाझुडपांच्या जितक्या जाती, साधारण तितकी शतकं. मोजायचं असं: एकाच वईचे तीन तुकडे निवडा, प्रत्येकात जाती मोजा, सरासरी काढा. फाटक, बाग आणि जंगलाला टेकलेलं टोक टाळा. हॉथॉर्न, ब्लॅकथॉर्न, हेझल, फील्ड मेपल, ॲश, ओक, हॉली धरा. रानगुलाबांची मिळून एकच जात धरा. ब्रॅम्बलची काटेरी जाळी आणि आयव्हीसारखे वेल मोजू नका. पानं असताना, मे-जूनमध्ये मोजणं सोपं जातं.

या नियमावर लोकांचा जरा जास्तच विश्वास आहे. कल्पना अशी की दर शतकाला एखादी नवी जात पक्ष्यांमार्फत किंवा वाऱ्याने येऊन रुजते. मात्र लावणाऱ्याने सुरुवातीलाच पाच जाती मिसळून लावल्या असतील तर काल-परवाची वई पाचशे वर्षांची ठरते. उलट, एल्म मुळांतून फुटवे काढत पसरतो आणि बाकीच्यांना हटवतो, तेव्हा जुनी वई कोवळी दिसते. तिसरी फसगत सगळ्यात रंजक. जंगल तोडताना काठाची पट्टी तशीच ठेवली की तीच वई होते, आणि पहिल्या दिवसापासून तिच्यात सात-आठ जाती असतात. तिची खूण फळात सापडते. नेहमीच्या हॉथॉर्नच्या लाल फळात एक बी, तर सावलीत वाढणाऱ्या मिडलँड हॉथॉर्नच्या फळात बहुधा दोन. वईत दुसरा प्रकार भरपूर असेल तर जातींवरून वय काढू नये. शंभर वर्षांचा फरक या मोजणीने सांगता येत नाही; दोनशेची की सातशेची, एवढं बऱ्यापैकी कळतं.

जंगलाशी पोचल्यावर आधी त्याची कड पाहावी. इंग्लंडमध्ये १६०० पासून सलग असलेल्या जंगलाला ‘प्राचीन’ म्हणतात, कारण त्याआधी मुद्दाम जंगल लावण्याची पद्धत फारशी नव्हती. अशा जंगलाची हद्द सहसा वळणावळणाची, तिला मातीचा बांध आणि बांधाच्या बाहेरच्या अंगाला चर. चरणारी गुरं आत शिरून कोवळे धुमारे खाऊ नयेत, यासाठी ही योजना. धुमारे हेच तर पीक होतं: हेझल जमिनीलगत छाटायचा, सात ते दहा वर्षांनी फुटलेल्या काठ्या पुन्हा कापायच्या. सफकमधल्या ब्रॅडफील्ड वुड्समध्ये १२५२ पासून अशा कापणीच्या नोंदी आहेत. हल्ली गुरांची जागा हरणांनी घेतली आहे. कापलेल्या बुंध्यांभोवती कुंपण घातलं नाही, तर पहिल्याच वर्षी धुमारे फस्त होतात.

एप्रिल-मेमध्ये निळ्या ब्लूबेलचा गालिचा दिसला की लोक ‘प्राचीन जंगल!’ म्हणून मोकळे होतात. पूर्व इंग्लंडच्या कोरड्या भागात ही खूण बरी चालते. दमट पश्चिमेत मात्र ब्लूबेल उघड्या बांधावरही फुलते, तिथे ती पुरावा नव्हे. त्यापेक्षा पांढरा वूड ॲनिमोन भरवशाचा; त्याचं बी क्वचितच रुजतं आणि मुळांवाटे तो शतकाला जेमतेम दोनेक मीटर सरकतो. ब्लूबेलचं एक फूल जवळूनही पाहावं. देशी जातीचा तुरा एका बाजूला झुकतो आणि पराग पांढरट असतात. फुलं देठाच्या चहूबाजूंना आणि पराग निळसर असले तर त्यात स्पॅनिश जातीचा संकर आहे, म्हणजे ते रोप कुणाच्या तरी बागेतून आलेलं. पाहताना वाट सोडू नये. वरची झाडं पालवून सावली पडण्याआधीच्या काही आठवड्यांत ब्लूबेलला कंद भरायचा असतो, आणि तुडवलेलं पान त्या हंगामात पुन्हा येत नाही.