आयडीव्ही उतरवायची की डिडक्टिबल वाढवायचं?

कारच्या विम्यावर लागोपाठ दोन-तीन वर्षं क्लेम टाकले की रिन्यूअलचा आकडा अंगावर येतो. एनसीबी, म्हणजे क्लेम न टाकल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, शून्यावर आलेला असतो आणि कंपनीनेही आपल्या बाजूची सूट आखडती घेतलेली असते. मग एजंटला फोन जातो, "काहीतरी कमी करा की राव." सांगली-मिरजेकडचा एजंट मग बहुतेक वेळा आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, खाली ओढतो. आकडा उतरतो, गिऱ्हाईक खूश. दुसरा मार्ग व्हॉलंटरी डिडक्टिबलचा, म्हणजे क्लेममधली ठरावीक रक्कम आपणहून खिशातून भरायची. त्यानेही प्रीमियम उतरतो, म्हणून लोक दोन्ही एकाच मापाने मोजतात. फरक कळतो तो क्लेमच्या दिवशी.

थर्ड पार्टीत, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या भागात, वाचवण्यासारखं काही नाही. तो दर सरकार ठरवतं. जून 2022 च्या दरपत्रकात 1000 ते 1500 सीसीच्या खासगी कारला 3,416 रुपये आहेत. तुम्ही कितीही वेळा ठोका, तो तेवढाच. जे काही खालीवर होतं ते ओडीत, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या भागात.

आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा टोटल लॉस झाली तर कंपनी जास्तीत जास्त किती देणार तो आकडा. दार चेपलं, बंपर फुटला, अशा किरकोळ क्लेमशी त्याचा जवळपास संबंध येत नाही. डिडक्टिबल मात्र प्रत्येक क्लेममध्ये कापलं जातं. 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीचे 1,000 रुपये असतातच, व्हॉलंटरी त्याच्या वर.

आता आकडे लावू. समजा आयडीव्ही 4 लाख आणि ओडी 8,000 रुपये. आयडीव्ही 80,000 ने उतरवली तर ओडी साधारण 1,600 ने उतरेल. 5,000 चं व्हॉलंटरी डिडक्टिबल घेतलं तर जुन्या टॅरिफच्या तक्त्याप्रमाणे ओडीवर 25 टक्के सूट, पण 1,500 च्या वर नाही. कंपन्यांचे आकडे आता थोडे इकडेतिकडे असतात. बचत जवळपास सारखीच, मात्र एकीकडे 80,000 पणाला लागतात आणि दुसरीकडे दर क्लेमला 5,000.

सांगलीत 80,000 ची ही बाजू हलकी धरण्यात अर्थ नाही. 2019 आणि 2021 च्या पुरात कृष्णेचं पाणी किती आत आलं होतं ते सूर्यवंशी प्लॉट किंवा दत्तनगरातल्या कुणालाही विचारा. आणि एक बारीक गोष्ट एजंट सहसा सांगत नाही. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांच्या वर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. 4 लाखांवर ही रेषा 3 लाखांची, 3 लाख 20 हजारांवर 2 लाख 40 हजारांची. म्हणजे 2 लाख 60 हजार खर्चाची पुरातली गाडी पहिल्या पॉलिसीत दुरुस्त होऊन घरी येते. दुसऱ्या पॉलिसीत ती टोटल लॉस ठरते आणि हातात येतात ते उतरवलेल्या आयडीव्हीचे पैसे. तेवढ्यात तशी गाडी बाजारात मिळणार आहे का?

डिडक्टिबलचं गणित वेगळं आहे. दर वर्षी क्लेम टाकायचाच असेल तर ते सरळ तोट्याचं, 1,500 वाचवून 5,000 घालवायचे. पण ज्यांना जोखमीचे ड्रायव्हर म्हणतात त्यांचे बरेचसे क्लेम गणपती पेठेतल्या गर्दीत घासल्याचे, नाहीतर गळीत हंगामात रात्री विनारिफ्लेक्टर उसाच्या ट्रॉलीला मागून टेकल्याचे असतात. समजा 4,000 चा बंपर फुटला आणि रंग-मजुरीचे 2,000 झाले. झीरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचं जादा कव्हर, नसेल तर प्लास्टिकवर 50 टक्के घसारा, म्हणजे बंपरचे 2,000 च मंजूर. रंगाच्या सामानावरही थोडं कापतात. वरून सक्तीचे 1,000 गेले की हातात पावणेतीन हजारांच्या आसपास.

या क्लेमने एनसीबीचं काय होतं ते बघा. क्लेम नसलेल्या दर वर्षागणिक ओडीवरच्या सुटीची शिडी 20, 25, 35, 45, 50 टक्के अशी आहे. आज शून्यावर असाल आणि यंदा क्लेम टाकला नाही तर पुढच्या वर्षी 1,600 वाचतात. टाकला तर शिडी वर्षभर मागे पडते. ओडी 8,000 च धरला तर पाच वर्षांत मिळून 4,000 चा फटका. ओडी दर वर्षी उतरत असल्याने प्रत्यक्षात थोडं कमी भरेल, तरी पावणेतीन हजारांसाठी हा सौदा महागच. म्हणून किरकोळ खर्च खिशातून करायची तयारी असेल तर 5,000 चं डिडक्टिबल मी घ्यायला सांगेन. तसला क्लेम टाकायचा मोहच राहत नाही. 15,000 च्या भानगडीत मात्र पडू नका, त्या तक्त्यात सूट 2,500 लाच अडकते.

इंजिन प्रोटेक्ट, म्हणजे इंजिनच्या नुकसानीचं जादा कव्हर, काढून पैसे वाचवणंही आपल्याकडे शहाणपणाचं नाही. पाण्यात बंद पडलेली गाडी सुरू करायला गेलात आणि इंजिन बसलं, तर साध्या पॉलिसीत तो खर्च बहुधा नाकारला जातो.

दुसऱ्या कंपनीत जाताना 'मागच्या वर्षी क्लेम नाही' असं ठोकून देणारे असतात. नवी कंपनी जुन्या कंपनीकडून माहिती मागवते, आणि खोटा एनसीबी निघाला की ऐन वेळी क्लेम अडकतो. त्यापेक्षा तीन-चार कंपन्यांची कोटेशनं मागवा, पण सगळीकडे आयडीव्ही आणि डिडक्टिबल तेच टाकून. सगळ्यात स्वस्त दिसणाऱ्या कोटेशनमध्ये पुष्कळदा आयडीव्हीच गुपचूप खाली आणलेली असते.