गाव्होत की बूरे? सुरुवात कुठून होते ते ऐका

जर्मन संगीतकार बाखच्या जी मेजरमधल्या पाचव्या फ्रेंच सुइटमध्ये (सुइट म्हणजे नृत्यांची मालिका) सराबांद हे संथ नृत्य संपलं की पाठोपाठ दोन चटपटीत तुकडे येतात. आधी गाव्होत, मग बूरे. दोन्ही फ्रेंच नृत्यं, दोन्हींची चाल दोन ठोक्यांची, दोन्हींचे दोन-दोन भाग आणि प्रत्येक भाग दोनदा वाजणारा. गोंधळ होणारच.

‘गाव्होत जरा संथ, बूरे जलद’ अशी खूण सहसा सांगितली जाते. चुकीची नाही, पण लय शेवटी वादकाच्या हातात, त्यामुळे एकच तुकडा ऐकून तिचा फारसा उपयोग होत नाही. खरी खूण सुरुवातीला आहे. एक बार म्हणजे चार मात्रांचं आवर्तन धरा, दर दोन मात्रांना एक ठोका. बंदिशीचा मुखडा जसा समेआधी उठून समेवर येतो, तशी ही दोन्ही नृत्यं समेआधीच उठतात. गाव्होत तिसऱ्या मात्रेवरून, म्हणजे अर्धं आवर्तन आधी. बूरे चौथ्या मात्रेवरून.

फरक एका मात्रेचा, पण त्यानं स्वभावच बदलतो. गाव्होतचं वाक्य आवर्तनाच्या मध्यावर सुरू होतं आणि मध्यावरच संपतं. नवख्या कानाला पहिला स्वरच सम वाटतो, मग खरी सम येते आणि तोल किंचित हलतो. तिच्या ऐटीत ही गंमत आहे. बूरेमध्ये असा संभ्रम नाही. एक छोटी उचल आणि थेट समेवर. गिटार शिकणाऱ्यांना बाखची ई मायनर बूरे ठाऊक असते: दोन अर्ध्या मात्रा, मग एक पूर्ण, पुन्हा दोन अर्ध्या.

योहान माटेझोन या जर्मन संगीतज्ञानं १७३९ मध्ये दोन्हींचे भाव लिहून ठेवले. गाव्होतला त्यानं उसळता आनंद दिला; तिनं उड्या माराव्यात, धावू नये. आणि बूरे? निश्चिंत, निवांत, तरीही लाघवी. ‘जलद’ नृत्याला निवांत म्हणणं विचित्र वाटेल, पण मला ते अगदी पटतं. स्वर भराभर येतात, तरी आवर्तनाला दोनच ठोके मोजले की धावपळ जाणवत नाही. बूरे घाईनं वाजवणारे नेमकं हेच विसरतात.

बाखच्या सोलो व्हायोलिनच्या ई मेजर पार्टितामध्येही (१७२०; पार्टिता म्हणजेही नृत्यांची मालिका) दोन्ही आहेत, मधे मिन्युएट नावाची आणखी दोन नृत्यं. त्यातला गाव्होत १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सुवर्ण तबकडीवरून अंतराळात गेला. चेलो सुइट्समध्ये तर सरळ वाटणी आहे: तिसऱ्या-चौथ्यात बूरे, पाचव्या-सहाव्यात गाव्होत.

रिगोदाँ हे आणखी एक फ्रेंच नृत्य मात्र ही परीक्षा बिघडवतं. तेही चौथ्या मात्रेवरूनच उठतं, आणि जर्मन बासरीवादक क्वांट्झनं १७५२ मध्ये बूरे आणि रिगोदाँ दोघांना एकच लय सांगितली. तिथे खुशाल शीर्षक वाचावं.