बॉयलरमधील दाब पूर्ववत करणे

घर उबदार ठेवण्यासाठी बॉयलरमध्ये तापवलेले पाणी नळांवाटे खोल्याखोल्यांतील रेडिएटरांत फिरवणाऱ्या बंदिस्त तापन प्रणालीत, उतरलेला दाब थंड पाण्याची भर घालून पुन्हा योग्य पातळीवर आणण्याची क्रिया. ज्या जुन्या प्रणालीत उंचावरील उघड्या टाकीतून पाण्याची तूट आपोआप भरून निघते, तिथे या क्रियेची गरज पडत नाही.

प्रणाली थंड असताना दाबमापकाचा काटा साधारणपणे १ ते १.५ बार यांच्या दरम्यान असावा लागतो. १ बार म्हणजे सुमारे १० मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब. पाणी १० अंश सेल्सिअसपासून ८० अंशांपर्यंत तापले की सुमारे ३ टक्क्यांनी फुगते, आणि ही वाढ सामावून घेण्यासाठी प्रसरण टाकी बसवलेली असते, जिच्यात रबरी पडद्याच्या एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला दाबलेली हवा किंवा नायट्रोजन असतो. त्यामुळे बॉयलर चालू असताना काटा थोडा वर चढणे स्वाभाविक आहे. दाब ३ बारपर्यंत गेल्यास सुरक्षा झडप उघडून पाणी बाहेर सोडते; उलट तो फार उतरला, तर अनेक बॉयलर कोरडे तापण्याचा धोका टाळण्यासाठी स्वतःहून बंद पडतात.

भरणी करण्यापूर्वी बॉयलर बंद करून तो थंड होऊ देतात. घरातील थंड पाण्याची वाहिनी आणि तापन मंडल (बॉयलर व रेडिएटर यांतून पाणी फिरण्याचा बंदिस्त मार्ग) यांना जोडणारी, बहुधा तारेच्या विणीचे वेष्टण असलेली लवचिक नळी बॉयलरच्या खाली सापडते. काही बॉयलरमध्ये तिच्याऐवजी अंगचीच कळ किंवा चावी असते. नळीच्या दोन्ही टोकांना झडपा असतात. एक झडप पूर्ण उघडून दुसरी अगदी हळूहळू फिरवली की पाणी शिरल्याचा सूं असा आवाज येतो आणि काटा सरकू लागतो. या वेळी नजर काट्यावरच ठेवावी लागते, कारण शेवटचा अर्धा बार पाहता पाहता भरून जातो. अपेक्षित आकडा येताच दोन्ही झडपा घट्ट बंद करतात. नळी काढता येण्याजोगी असल्यास ती काढून ठेवणे इष्ट, कारण तापन मंडलातील काळपट, रसायनमिश्रित पाणी उलटे पिण्याच्या पाण्यात शिरता कामा नये. दाब चुकून जास्त झाला, तर रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यातील हवा सोडण्याच्या स्क्रूतून थोडे पाणी काढले तरी पुरते.

याच स्क्रूतून कोंडलेली हवा सोडल्यानंतर दाब उतरणे अपेक्षितच असते. मात्र काही दिवसांच्या अंतराने पुन्हा पुन्हा भर घालावी लागत असेल, तर दोष अन्यत्र आहे असे समजावे. रेडिएटरच्या झडपेच्या बुडाशी हिरवट किंवा तांबूस डाग दिसणे ही बारीक गळतीची खूण होय. तापल्यावर काटा ३ बारकडे झेपावत असेल आणि निवल्यावर शून्याजवळ येत असेल, तर प्रसरण टाकीतील हवा गेलेली असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी सुरक्षा झडपेच्या बाहेर काढलेल्या नळीच्या तोंडाशी ओल आढळते. निव्वळ भर घालत राहणे हा उपाय सोपा वाटला तरी महागात पडतो, कारण प्रत्येक नव्या पाण्याबरोबर विरघळलेला ऑक्सिजन आत येतो, गंजरोधक द्रव्य पातळ होत जाते आणि पोलादी रेडिएटरांच्या तळाशी लोहाच्या ऑक्साइडचा काळा गाळ साचू लागतो.