कळफलकाचा सुखकर वापर

संगणकाच्या कळफलकावर दीर्घकाळ टंकन करताना बोटे, मनगटे, खांदे व मान यांवरील ताण कमी राहावा यासाठीच्या बैठकीचा, हातांच्या ठेवणीचा आणि उपकरणाच्या रचनेचा विचार. हा अर्गोनॉमिक्सचा, म्हणजे काम व साधने माणसाच्या शरीराला सोयीची करण्याच्या शास्त्राचा विषय आहे. लेखनाने हात दुखावतो हे निरीक्षण संगणकाहून बरेच जुने आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी इटालियन वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी याने लेखनिकांच्या व्याधींची कारणे सांगितली ती अशी : सतत बसणे, हाताची एकसारखी हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर येणारा ताण.

टंकनातील त्रासाचा ठपका बहुधा क्वर्टी (वरच्या ओळीतील Q, W, E, R, T, Y या पहिल्या अक्षरांवरून) या नेहमीच्या अक्षरमांडणीवर ठेवला जातो. ती ख्रिस्तोफर लॅथम शोल्स याच्या टंकलेखन यंत्रातून, साधारणतः 1868 ते 1878 या दशकात आकाराला आली. यंत्राचे टंकदांडे (कागदावर अक्षर उमटवणारे दांडे) एकमेकांत अडकू नयेत म्हणून जोडीने येणारी अक्षरे दूर ठेवली, असे परंपरेने सांगतात. पण इंग्रजीत वारंवार जोडीने येणारी ‘ई’ व ‘आर’ ही अक्षरे शेजारीशेजारीच आहेत. ही मांडणी तारयंत्रावरील संदेश उतरवून घेणाऱ्यांच्या गरजेतून घडली, याकडे क्योटो विद्यापीठातील यासुओका यांनी 2011 मध्ये लक्ष वेधले. हे मत अधिक ग्राह्य वाटते. टंकलेखकाचा वेग मुद्दाम कमी केला, ही समजूत मात्र टिकणारी नाही. ऑगस्ट ड्वोरॅक व विल्यम डीली यांच्या पर्यायी मांडणीला 1936 मध्ये एकस्व (पेटंट) मिळाले. अमेरिकी नौदलाच्या 1944 मधील चाचण्या तिला अनुकूल ठरल्या, तर अर्ल स्ट्राँग यांची 1956 मधील चाचणी प्रतिकूल. नौदलाच्या चाचण्यांच्या पद्धतीवर पुढे गंभीर आक्षेप घेतले गेले.

आरोग्याच्या दृष्टीने अक्षरक्रमापेक्षा कळफलकाची सरळ बांधणी महत्त्वाची आहे. तीमुळे दोन्ही मनगटे करंगळीच्या बाजूस वळतात. यावर उपाय म्हणून दुभंगलेला, म्हणजे दोन्ही हातांसाठी दोन भागांत विभागलेला कळफलक क्लोकेनबर्ग या संशोधकाने 1926 मध्येच सुचवला होता; क्रोमर यांनी 1972 मध्ये त्याचा प्रायोगिक अभ्यास केला आणि 1994 मध्ये मायक्रोसॉफ्टने तसा कळफलक बाजारात आणला.

मनगट वर किंवा खाली वाकले की त्यातील अरुंद बोगद्यातला दाब वाढतो व तेथून जाणारी मध्य तंत्रिका दबू शकते. तरीही कळफलकामुळेच कार्पल टनेल विकार (ही तंत्रिका दबल्याने होणारा विकार) होतो, असे ठामपणे म्हणता येत नाही. डेन्मार्कमधील 2003 च्या पाहणीत कळफलकाशी असा संबंध आढळला नाही. माउसच्या दीर्घ वापराशी काहीसा आढळला. कंडरांचा (स्नायू हाडांना जोडणाऱ्या दोऱ्यांचा) दाह व स्नायूंचा थकवा हा वेगळा प्रश्न आहे.

प्रत्यक्ष वापरात कोपर सुमारे काटकोनात, खांदे सैल व मनगट सरळ असावे. कळफलकाच्या मागचे पाय उघडू नयेत, कारण त्यांनी मनगट वर मुडपते. मनगटाखालची उशी विश्रांतीपुरती, टंकन चालू असताना नव्हे. कळ हलकेच दाबावी आणि अधूनमधून हात उचलावेत. उजवीकडचा अंकसंच नसलेला आखूड कळफलक घेतल्यास माउसपर्यंत हात कमी लांबवावा लागतो. लॅपटॉपमध्ये पडदा व कळा एकत्र जोडलेल्या असल्याने मान किंवा मनगट यांपैकी एकाची गैरसोय होतेच. तेथे पडदा उंच ठेवून कळफलक वेगळा जोडावा लागतो.