अदृश्य माणसाला दिसतं कसं?

सोन्याचा हनुमान हवेत तरंगत येतो आणि गुंडांना धरून बडवतो. १९८७ सालच्या ‘मिस्टर इंडिया’तला हा प्रसंग टीव्हीवर लागला की आमच्याकडे अजूनही रिमोट खाली ठेवला जातो. मूर्ती दिसते, ती धरणारा अनिल कपूर दिसत नाही. मनगटावर घड्याळासारखं एक यंत्र चढवलं की माणूस गायब. फक्त लाल उजेडात तेवढा सापडतो. मागे एकदा हे बघत असताना शेजारचा सातवीतला मुलगा म्हणाला, “काका, पण त्याला मूर्ती कशी दिसली?” मी “गप बघ” म्हणून वेळ मारून नेली. उत्तर द्यायला अर्धा तास लागला असता आणि तोवर मोगॅम्बो खूश होऊन संपलाही असता.

तो अर्धा तास आता इथे काढतो.

आधी हे सांगून टाकतो की सिनेमातल्या चुका वहीत टिपत बसणाऱ्यांपैकी मी नाही. सिनेमाला एक थाप माफ असते. गायब होणाऱ्या माणसाची थाप तर आपल्याकडे जुनीच. इंद्रजित ढगाआड अदृश्य होऊन बाण सोडायचा. १९५७ मध्ये अशोक कुमार ‘मिस्टर एक्स’ झाला, १९६४ मध्ये किशोर कुमार ‘मिस्टर एक्स इन बॉम्बे’. पण मंत्र किंवा चमत्कार न वापरता, केवळ भौतिकशास्त्राच्या जोरावर माणूस नाहीसा करून दाखवायचा गंभीर प्रयत्न एच. जी. वेल्सने १८९७ मध्ये ‘द इन्व्हिजिबल मॅन’ या कादंबरीत केला. आणि गंमत म्हणजे त्याचं गणित बरंचसं बरोबर होतं.

ते समजायला भज्यांचा कागद पुरे. गाडीवरून आणलेली भजी संपली की खालचा वर्तमानपत्राचा कागद उजेडासमोर धरा. जिथे तेल मुरलंय तिथे कागद पारदर्शक झालेला दिसतो, पलीकडच्या पानावरची अक्षरंसुद्धा उलटी वाचता येतात. तेलाने कागदाचा कणही विरघळवलेला नाही. मग झालं काय?

कागद म्हणजे वनस्पतींच्या तंतूंचा गुंता. हे तंतू एकेकटे पाहिले तर काचेसारखे जवळजवळ पारदर्शकच असतात. पण त्यांच्यामध्ये हवा अडकलेली असते. प्रकाश हवेतून तंतूत, तंतूतून हवेत असा शिरता-निघताना दर वेळी वाकतो आणि थोडा परावर्तितही होतो. अशा हजारो ठेचा खाल्ल्यावर तो सगळ्या दिशांना विखुरतो, आणि कागद पांढरा दिसतो. प्रकाश किती वाकेल हे ठरतं अपवर्तनांकावर. हवेचा जवळजवळ १, पाण्याचा १.३३, तेलाचा साधारण १.४७, तंतूंचा त्याच्या आसपास. हवेची जागा तेलाने घेतली की तंतू आणि तेल यांच्यातला फरक उरत नाही, प्रकाशाला ठेच लागत नाही, तो सरळ पार होतो. कोरडा साबुदाणा पांढरा आणि खिचडीतला काचेसारखा दिसतो, त्यामागेही बऱ्याच अंशी हेच आहे.

अजून खात्री हवी असेल तर प्रयोगशाळेत वापरतात ती बोरोसिलिकेट काचेची परीक्षानळी आणा, औषधाच्या दुकानातून ग्लिसरिनची बाटली आणा. पेल्यात ग्लिसरिन ओता, नळी आतूनही भरून त्यात बुडवा. दोघांचाही अपवर्तनांक १.४७. नळीचा बुडालेला भाग दिसेनासा होतो. बोटाने चाचपली तर हाताला लागते, डोळ्याला मात्र नाही. मी हा प्रयोग पन्नासेक वेळा तरी केला असेल आणि दर वेळी नळी बाहेर काढून बघावीशी वाटते. (घरातल्या साध्या काचेच्या पेल्यावर करू नका, तिचा आकडा १.५२च्या आसपास असतो. पुसट कडा दिसत राहतात आणि पोरं हसतात.)

वेल्सचा नायक ग्रिफिन नेमकं हेच म्हणतो: माणसाच्या शरीराचा अपवर्तनांक हवेइतका केला आणि रक्ताचा लाल रंग काढून टाकला, की झालं. बुबुळात आणि त्वचेत रंगद्रव्य कमी असावं म्हणून वेल्सने त्याला जन्मतःच वर्णहीन दाखवलाय. केवढी ही तयारी! आपलं शरीर अपारदर्शक का, याचंही कारण कागदासारखंच आहे. पेशींमध्ये पाणी १.३३वर, तर स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनं १.४ ते १.५च्या घरात. दूध याच कारणाने पांढरं दिसतं, पाण्यात तरंगणाऱ्या तुपाच्या आणि प्रथिनांच्या कणांवर प्रकाश विखुरतो म्हणून. प्रकाशाच्या दृष्टीने आपण म्हणजे थोडंसं रक्त मिसळलेलं दाट दूध. अंधारात मोबाईलचा टॉर्च बोटाखाली धरा, बोट लालबुंद उजळेल, पण आतल्या हाडाची कड दिसणार नाही. प्रकाश पार होतो, पण वाट हरवून.

आता हे सगळं जमलं असं समजू. ग्रिफिन नाहीसा झाला. तर तो रस्त्यावर पडलेल्या केळीच्या सालीवरून पहिल्या मिनिटाला घसरून पडेल, कारण तो ठार आंधळा असेल.

एक तर डोळ्यात प्रतिमा उमटण्यासाठी प्रकाश वाकावा लागतो. ते काम आतल्या भिंगापेक्षा डोळ्यावरचं पारपटलच जास्त करतं. डोळ्याच्या एकूण साठेक डायॉप्टर शक्तीपैकी त्रेचाळीस त्याची. आणि ते का जमतं, तर पारपटलाचा अपवर्तनांक १.३८ आणि बाहेर हवेचा १, हा फरक आहे म्हणून. विहिरीत बुडी मारून डोळे उघडलेत कधी? सगळं धूसर. बाहेर १.३३चं पाणी आल्यावर फरक जवळजवळ संपतो आणि पारपटल बेकार होतं. ग्रिफिनच्या डोळ्याचा आकडाच हवेइतका झाल्यावर पारपटलही गेलं आणि भिंगही गेलं.

समजा तेही सोडून दिलं. तरी डोळा ही अंधारी खोली आहे. बाहुलीतून येईल तेवढाच प्रकाश आत घ्यायचा, बाकीचा भिंतीने अडवायचा, तेव्हा कुठे मागच्या दृष्टिपटलावर चित्र उमटतं. पारदर्शक डोक्यात कानामागूनही उजेड येणार, टाळूतूनही येणार. पापण्या मिटल्या तरी फरक नाही, त्याही पारदर्शक. बिचाऱ्याला झोप तरी कशी लागावी!

पण खरी गोम तिसरीच आहे, आणि ती कुठल्याही युक्तीने सुटत नाही. दिसणं म्हणजे दृष्टिपटलाने प्रकाश गिळणं. जो प्रकाशकण तिथल्या रंगद्रव्यात शोषला गेला, त्याचीच खबर मेंदूला जाते. जो आरपार निघून गेला, तो आपल्या लेखी आलाच नाही. आणि जो शोषला गेला, तो पलीकडे उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोचत नाही, म्हणजे त्या जागी त्याला सावळा डाग दिसतो. जग बघायचं तर स्वतः थोडं तरी दिसावंच लागतं. रशियन विज्ञानलेखक याकोव पेरेलमान यांनी वेल्सच्या अदृश्य माणसाला हाच पेच घातला होता. त्यामुळे भौतिकशास्त्राला मान्य असलेला मिस्टर इंडिया म्हणजे जमिनीपासून साडेपाच फुटांवर तरंगणाऱ्या दोन काळपट गोट्या. गुंडांना नेम धरायला तेवढं पुष्कळ झालं.

वेल्सला याची कुणकुण असावी असं मला वाटतं. त्याच्या कादंबरीत ग्रिफिन आधी एका मांजरावर प्रयोग करतो. मांजर हळूहळू नाहीसं होतं, पण डोळ्यांच्या मागचा तो रात्री चमकणारा थर काही केल्या जात नाही. नायकाच्याही दृष्टिपटलामागे धुक्याहून पुसट असा रंगाचा अंश उरलेला आरशात दिसतो, पण पुढे वेल्सने ती गोष्ट सोयीस्करपणे गिळली. मी त्याला दोष देत नाही. नाहीतर कादंबरी तिसऱ्या प्रकरणात संपली असती.

मिस्टर इंडियाचा वकील इथे म्हणेल की आमचं यंत्र शरीराला पारदर्शक करतच नाही, ते प्रकाशालाच वळसा घालायला लावतं. ओढ्यातल्या धोंड्याभोवतीनं पाणी जावं तसं. पुढे गेल्यावर पाण्याकडे बघून मागे धोंडा होता हे कळतही नाही. ही कल्पना हास्यास्पद नाही. २००६ मध्ये लंडनच्या जॉन पेंड्री यांनी तिचं गणित मांडलं आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात डेव्हिड स्मिथ यांच्या गटाने तांब्याचा एक छोटा दंडगोल मायक्रोवेव्ह लहरींपासून बराचसा लपवून दाखवला. त्यासाठी वापरलेल्या घडवलेल्या पदार्थांना मेटामटेरियल म्हणतात. निसर्गात न सापडणारे गुण केवळ रचनेतून मिळवायचे, ही त्यामागची युक्ती. या युक्तीचा एक पूर्वज आपल्याकडचा आहे: १८९८ मध्ये जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात पिळलेल्या तागाच्या जुड्या वापरून विद्युतलहरींच्या कंपनाची दिशा फिरवून दाखवली होती. ताग तोच, पीळ दिल्यावर गुण वेगळा.

पण वकिलाची केस तरीही पडते. प्रकाश वळसा घालून गेला म्हणजे आत पोचलाच नाही. आतल्या माणसाला मिट्ट काळोख. पारदर्शक व्हा नाहीतर लपेटून घ्या, आंधळेपण ठरलेलं.

निसर्गाने यावर काढलेला तोडगा तडजोडीचा आहे. समुद्रात पार काचेसारखे दिसणारे कितीतरी जीव आहेत, पण बहुतेकांचे डोळे काळे ठिपके होऊन उरतातच. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला काचबेडूक दिवसा पानावर झोपतो तेव्हा आपल्या तांबड्या पेशींपैकी ८९ टक्के यकृतात कोंबून ठेवतो. हे २०२२ च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झालं. रक्ताचा रंग असा तिजोरीत बंद केला की त्याची पारदर्शकता दुप्पट-तिप्पट होते. एवढ्या पेशी एका जागी दाटूनही रक्ताची गुठळी कशी होत नाही, याच्या मागे आता वैद्यकशास्त्र लागलंय. डोळे मात्र त्यालाही लपवता आलेले नाहीत.

आणि मग आला सप्टेंबर २०२४. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी जिवंत उंदराच्या पोटावरचे केस काढून त्यावर टार्ट्राझीनचं द्रावण चोळलं. टार्ट्राझीन म्हणजे मिठायांत आणि सरबतांत पडतो तो खाण्याचा पिवळा रंग. काही मिनिटांत त्वचेतून आतली आतडी हलताना दिसू लागली. डोक्यावर चोळल्यावर मेंदूवरच्या रक्तवाहिन्या दिसल्या. पाण्याने धुतल्यावर त्वचा पुन्हा पहिल्यासारखी. याआधी त्यांनी कोंबडीच्या मांसाच्या पातळ कापांवर हे करून पाहिलं होतं.

रंग लावून पारदर्शक, हे उफराटं वाटतं. पण टार्ट्राझीन निळा प्रकाश जोरात शोषतं, आणि जो पदार्थ एका रंगाचा प्रकाश असा शोषतो तो लाल बाजूच्या प्रकाशासाठी आपला अपवर्तनांक वाढवतो. शोषण आणि अपवर्तनांक यांची ही जोडी भौतिकशास्त्राला शंभर वर्षं माहीत आहे. त्वचेतल्या पाण्याचा आकडा १.३३वरून चढून स्निग्ध पदार्थांच्या आणि प्रथिनांच्या जवळ आला, ठेचा कमी झाल्या. भज्यांचा कागदच, फक्त तेलाऐवजी रंगीत पाणी.

यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. निळा प्रकाश शोषला जात असल्यामुळे ही पारदर्शकता चालते ती मुख्यतः तांबड्या उजेडात. सिनेमात लाल दिवा लागला की मिस्टर इंडिया सापडतो. स्टॅनफर्डच्या उंदराची कातडी त्याच लाल दिव्यात दिसेनाशी होते.

शेजारच्या मुलाला हे सगळं सांगितलं. त्याने नीट ऐकलं, घरी गेला आणि आईचा जिलेबीचा पिवळा रंग पाण्यात कालवून मनगटावर चोळला. माणसाची त्वचा उंदराच्या त्वचेच्या दहापट जाड असते आणि हा प्रयोग माणसांवर झालेला नाही, हे मी सांगायचं विसरलो होतो. दोन दिवस तो हळद लागलेल्या नवरदेवासारखा हात घेऊन शाळेत जात होता, आणि सगळ्यांना दिसत होता.