स्कॅनवर दिसतात ते जंतू की नुसती सूज?

अमेरिकेतलं ओक रिज हे गाव मुळात अणुबॉम्बच्या कामासाठी वसवलेलं. तिथे १९६९ मध्ये एडवर्ड्स आणि हेज हे दोन संशोधक हाडांच्या स्कॅनसाठी गॅलियम-६७ हे किरणोत्सारी द्रव्य वापरून पाहत होते. हॉजकिन्स या लसिकाग्रंथींच्या कर्करोगाच्या एका रुग्णाला ते दिलं, तर हाडं बाजूलाच राहिली आणि रोगाने सुजलेल्या लसिकाग्रंथी उजळल्या. कर्करोग दाखवणारं द्रव्य हाती आलं, असाच तेव्हा समज झाला. पण १९७१ मध्ये लंडनमधल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की गॅलियम पू झालेल्या जागीही तितक्याच खुशाल साठतं.

याचं कारण लोहात आहे. गॅलियमचं वागणं रक्तातल्या लोहासारखं. लोह वाहून नेणाऱ्या ट्रान्सफेरिनला ते चिकटतं, सुजेच्या जागी पांढऱ्या पेशींमधल्या लॅक्टोफेरिन या लोह धरणाऱ्या प्रथिनाकडे जातं, आणि लोहासाठी हपापलेले काही जंतूही ते ओढून घेतात. म्हणजे कर्करोग, सूज आणि संसर्ग या तिघांनाही ते लागू! शिवाय ते आतड्यावाटे बाहेर पडतं, त्यामुळे पोटातलं गळू शोधायचं तर आतड्यातल्या उजेडातून वाट काढावी लागे. स्कॅनसाठी दोन-तीन दिवस थांबावं लागे ते वेगळंच.

मग विचार पुढे आला, की जंतूंशी लढायला जाणाऱ्या पांढऱ्या पेशींवरच खूण का करू नये? लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात भारतीय वंशाचे मॅथ्यू ठाकूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६-७७ च्या सुमारास ते जमवलं. रुग्णाचंच रक्त काढायचं, त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करायच्या, त्यांना इंडियम-१११ हे किरणोत्सारी द्रव्य लावायचं आणि त्या परत शिरेतून सोडायच्या. पेशी आपल्या नेहमीच्या वाटेने संसर्गाच्या जागी जातात आणि त्यातून निघणारे किरण टिपणारा गॅमा कॅमेरा त्यांच्या मागावर राहतो. १९८६ मध्ये इंडियमच्या जागी टेक्निशियम-९९एम हे दुसरं किरणोत्सारी द्रव्य वापरण्याची पद्धत आली. सहा तासांचं अर्धायुष्य (किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा वेळ), कमी किरणोत्सर्ग आणि स्पष्ट चित्र, असा तिहेरी फायदा झाला.

कल्पना देखणी, पण राबवायला किचकट. दोन-तीन तासांचं निर्जंतुक काम, तरबेज हात आणि कडक शिस्त हवी. एका रुग्णाच्या पेशी चुकून दुसऱ्याच्या शिरेत गेल्या तर अनर्थ. म्हणून शरीरातल्या शरीरातच पांढऱ्या पेशींना चिकटणारी प्रतिपिंडं बनवण्याचे प्रयत्न झाले. त्यांतलं ‘न्यूट्रोस्पेक’ २००४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं आणि इंजेक्शननंतर रुग्ण दगावल्यामुळे २००५ च्या डिसेंबरात बाजारातून उठलं.

एवढं करूनही मूळ अडचण तशीच होती. या सगळ्या तपासण्या शरीराचा प्रतिसाद दाखवतात, जंतू नव्हे. लंडनच्याच सेंट बार्थोलोम्यूज रुग्णालयात नव्वदच्या दशकात थेट जंतूंवर नेम धरला गेला. सिप्रोफ्लॉक्सासिन या आपल्या ओळखीच्या अँटिबायोटिकला टेक्निशियम जोडून ‘इन्फेक्टॉन’ तयार झालं. हे औषध जिवंत जंतूंच्या डीएनए गायरेज या एन्झाइमला धरतं, तेव्हा नुसत्या सुजेत ते थांबणार नाही, असा हिशेब. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या पुढाकाराने आठ देशांतल्या ८७९ रुग्णांवर चाचणी झाली. संवेदनशीलता (संसर्ग असलेल्यांना अचूक ओळखण्याचं प्रमाण) सुमारे ८५ टक्के आणि विशिष्टता (संसर्ग नसलेल्यांना अचूक ओळखण्याचं प्रमाण) ८२ टक्क्यांच्या आसपास निघाली. आकडे उत्साह वाढवणारेच होते. पण त्याच सुमारास सशांवरच्या प्रयोगांत संसर्ग झालेला कृत्रिम सांधा आणि निर्जंतुक सांधा यांत फरक दिसेना. हिशेब कागदावर बरोबर होता, शरीराने मानला नाही.

एफआयएयू या रेणूची गोष्ट मला याहून बोलकी वाटते. जंतूंचं थायमिडिन कायनेज हे एन्झाइम हा रेणू पकडून ठेवतं, माणसाच्या पेशीतलं मुख्य एन्झाइम मात्र त्याला विचारत नाही. या फरकावर बेतलेलं स्कॅन अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ मध्ये उंदरांत यशस्वी करून दाखवलं. पण या रेणूला आधीचा इतिहास होता. हेपॅटायटिस बी वरचं औषध म्हणून १९९३ मध्ये तो १५ रुग्णांना दिला होता आणि यकृत निकामी होऊन त्यांतले पाच दगावले. आपल्या मायटोकाँड्रियातलं, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाकेंद्रातलं, एक वेगळं कायनेज त्याला स्वीकारतं, हे तेव्हा ध्यानात आलं नव्हतं. स्कॅनची मात्रा अगदी अल्प, त्यामुळे विषबाधेची भीती नाही; पण पुढे कृत्रिम सांध्यांच्या रुग्णांत स्नायूच उजळले आणि चित्र धूसर आलं. त्यामागे तेच मायटोकाँड्रिया असल्याचा निष्कर्ष निघाला.

दरम्यान, किरणोत्सारी द्रव्य शरीरात कुठे साठतं हे अधिक स्पष्ट दाखवणारं पेट स्कॅन आलं. मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राने १९६३ मध्ये सुरू केलेल्या संस्थेत, २००२ साली देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन, म्हणजे किरणोत्सारी द्रव्य तयार करणारं यंत्र, बसला आणि एफडीजी ही किरणोत्सारी साखर इथेच तयार होऊ लागली. साखर कर्करोगाची पेशी खाते, तशी चवताळलेली पांढरी पेशीही खाते. त्यामुळे महिनोन्‌महिने न उतरणाऱ्या तापाचं मूळ शोधायला किंवा हृदयाच्या कृत्रिम झडपेचा संसर्ग पाहायला एफडीजी उपयोगी पडतं. मात्र आपल्याकडे क्षयाच्या गाठी कर्करोगासारख्याच लकाकतात, आणि शेवटी सुईने नमुना काढावाच लागतो.

जंतूंचा पाठलाग अजून चालू आहे. २०१४ मध्ये जॉन्स हॉपकिन्समध्येच एफडीजीपासून सॉर्बिटॉलचं किरणोत्सारी रूप, एफडीएस, बनवलं गेलं. ई. कोलाय आणि क्लेब्सिएलाच्या कुळातले जंतू ते खातात, आपल्या पेशी फारसं शिवत नाहीत. २०२१ मध्ये रुग्णांवरचे निष्कर्षही आले. माझ्या मते आजवरच्या उमेदवारांत सर्वांत भरवशाचा हाच. पण कृत्रिम सांध्यात बहुतेक वेळा ठाण मांडून बसतो तो स्टॅफिलोकॉकस हा वेगळ्या कुळातला जंतू, आणि एफडीएसला तो दिसत नाही. म्हणून सांध्याबद्दल शंका असली की आजही अनेक ठिकाणी पांढऱ्या पेशी वेगळ्या करून त्यांवर खूण करण्यासाठी रुग्णाचं रक्त काढून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं जातं.